चौदा लिटर पाणी

दि. ४ मार्च

चि. ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस, काम साधंच आहे. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे. शिवाय आमच्या दोन खोल्यांत फोन केला की तो शेजाऱ्यांनाही होतो.

मला मासे धरायला एक कयाक हवी आहे. एकट्याची. तू जन्मभर तलावाकाठी बोटींचं दुकान चालवलंस, तेव्हा तूच निवडून दे. अटी थोड्याच आहेत. मला एकट्याला उचलून गाडीच्या टपावर चढवता आली पाहिजे, बसल्या जागेवरून गळ टाकता आला पाहिजे आणि मागे गळाच्या दोन दांड्या खोचायला जागा हवी. रंग कुठलाही चालेल, फक्त लालभडक नको.

आमची ती जुनी दोघांची बोट तू परत घेऊन जा. अंगणात नुसती आडवी पडून असते.

उत्तर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. धान्याच्या गोदामाचे तीन मोठे वजनकाटे एकदम दुरुस्तीला आलेत, त्यामुळे दिवसभर मी तिथेच असतो. तुझी आक्का मजेत आहे.

तुझा,
भावोजी

दि. ११ मार्च

भावोजी,

नमस्कार, आणि आता ऐका.

'निवडून दे' म्हणे! कयाक म्हणजे काय तुमच्या काट्याचं पारडं आहे, की एक मोडलं, दुसरं टांगलं? गिऱ्हाईक आलं की मी त्याला पाच प्रश्न विचारतो आणि उत्तरं मिळेपर्यंत बोटीला हात लावू देत नाही. तुम्ही बहिणीचे नवरे म्हणून सवलत नाही.

कुठल्या पाण्यात नेणार? शांत तलाव असेल तर आखूड आणि रुंद बरी, हलत नाही. वारा असेल तर लांब हवी. चालवणाऱ्याचं वजन किती? बोटीवर जो आकडा छापलेला असतो त्याच्या दोन तृतीयांशावर शहाण्यानं थांबावं. आत पाय घालून बसायची हवी, की वर उघड्यावर बसायची? वरची उलटली तर पुन्हा चढता येतं, आतली भरली की तिचा हौद होतो. वल्ह्याची, की पायडलची? पायडलनं हात गळाला मोकळे राहतात, पण बोट चांगली पंधरा किलोनं जड होते. आणि पाचवा प्रश्न, जो कुणीच स्वतःला विचारत नाही: पाण्यापर्यंत ती उचलून कोण नेणार?

या पाचव्याशी मी अडलो. अकरा वर्षं बोटीची मागची मूठ तुम्ही धरता आणि पुढची आक्का धरते. मग ही 'एकट्याला उचलता येईल' अशी अट कुठून उपटली? ती दोघांची बोट मी आक्काच्या पन्नाशीला दिली होती, हे विसरलात का? तिच्या सीटला जादा स्पंज मी स्वतःच्या हातानं शिवला, सुई दोनदा बोटात घुसवून घेतली. आणि ती म्हणे अंगणात नुसती पडून असते, घेऊन जा!

रविवारी मी आक्काला फोन केला. 'मस्त आहे रे' म्हणाली, हसली. मी विचारलं, नवीन कयाक घेताय म्हणे? तर म्हणाली, 'कसली कयाक?' म्हणजे घरात पत्ताच नाही! बायकोला काठावर ठेवून एकट्यानं मजा मारायची, आणि बोट तिच्याच भावाकडून निवडून घ्यायची. भावोजी, तुमच्या धाडसाला माझा कोपरापासून दंडवत.

पाचही उत्तरं पाठवा. सहावंही पाठवा: तुमचं भांडण झालंय का?

ढब्बू

दि. १७ मार्च

ढब्बू,

मी तुला बोट विचारली होती, संसार कसा करायचा ते विचारलं नव्हतं.

तिला का विचारलंस? दुकानाच्या पत्त्यावर लिही म्हटलं तेव्हा काहीतरी कारण असेल एवढं डोक्यात यायला नको? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पहिल्यापासून भिजत नाही. आता ती आठवडाभर माझ्याकडे नुसती बघतेय. ती बोलली तर परवडतं.

भांडण नाही. तिला आता मासे धरण्याचा कंटाळा आलाय, गुडघे दुखतात. पावसाळा संपल्यापासून मी एकटाच जातो. झालं समाधान?

जुनी बोट काढायचं कारणही ऐक, म्हणजे पुन्हा मला शिकवायला येणार नाहीस. ती बिघडली आहे. नाक वर उचलते. आधी थोडंसंच उचलायची, मी पुढे पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला, सरळ झाली. महिन्याभरात पुन्हा तेच. मग दहा लिटर. आता चौदा लिटर ठेवलं की कुठे ती पाण्याला समांतर राहते. प्लास्टिक उन्हानं वाकलं असणार. असल्या बोटीत माणसानं किती दिवस बसायचं?

तुझे पाच प्रश्न: शांत तलाव, ऐंशी किलो, वर बसायची, वल्ह्याची, मी एकटा. आता निवड.

भावोजी

दि. २२ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं, आणि समोर बोट बघायला आलेल्या जोडप्याला 'उद्या या' म्हणून घालवून दिलं.

तुम्ही काटेवाले असाल, पण बोट माझ्या हाताखालून गेली आहे. प्लास्टिक वाकलं तर बोट एका अंगाला ओढते. महिन्यामहिन्यानं हळूहळू नाक उचलत नाही. आणि मागे ऐंशी किलोचा माणूस एकटा बसला, तर पुढे चौदा लिटरनं काय होणार? काहीही नाही! नाक आभाळाकडेच राहील. ती बोट एकट्यानं सरळ ठेवायला पुढे पन्नास-साठ किलो लागतात, आणि ते मला ठाऊक आहे, कारण बोट देताना मी आक्काला अठ्ठावन्न किलो धरून तिची सीट मागेपुढे सरकवून बसवली होती.

चौदा लिटरनं बोट सरळ होते याचा अर्थ एकच. पुढे माणूस बसलेला आहे. तो अठ्ठावन्नाचा होता, आता चौदानं कमी झालाय.

गुडघे दुखतात? कंटाळा आला? मला वाटलं होतं तुम्ही स्वार्थी झालात. तसं असतं तर बरं झालं असतं, मी येऊन दोन शिव्या घातल्या असत्या आणि जेवून गेलो असतो. माझ्या बहिणीचं चौदा किलो वजन कुठे गेलं, भावोजी? आणि तुम्ही पावसाळ्यापासून काय करत होतात? तिच्या पायाशी पाणी मोजून ठेवत होतात?

मी आजच निघालो असतो. पण आक्का दारात उभी राहून 'कशाला आलास?' म्हणेल, आणि काय उत्तर द्यायचं ते मला कळत नाही. आधी खरं लिहा. सगळं. या वेळी एक जरी गोष्ट लपवलीत, तर मी तुम्हाला भावोजी म्हणणार नाही.

ढब्बू

दि. २८ मार्च

ढब्बू,

बरोबर ओळखलंस. मला वाटलं होतं मी मोठा हुशार.

तिच्या पोटात गाठ आहे. जानेवारीत कळलं. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनं चालू आहेत, केस गेले आहेत, रुमाल बांधते. तुला सांगायचं नाही असं तिनंच बजावलं होतं. 'ढब्या दुकान बंद करून येईल आणि माझ्या उशाशी बसून रडेल, मला त्याला गप्प करत बसावं लागेल,' असं म्हणाली.

पण तुला जे विचारायचं आहे ते हे नाही, मला माहीत आहे. जानेवारीत कळलं, आणि कॅन मी दिवाळी झाल्या झाल्याच ठेवायला लागलो. मधले दोन महिने मी काय करत होतो? पस्तीस वर्षं मी वजनं करतोय, ढब्बू. गोणीत पावशेर कमी असलं तर मला नुसत्या डोळ्यांना दिसतं. बोटीचं नाक दोन बोटं वर आलं तेव्हाच मला कळलं होतं की पुढचं वजन उतरलंय. मी तिला काही विचारलं नाही. वाटलं, हल्ली जरा कमी जेवते, होईल ठीक. पाच लिटरचा कॅन तिच्या पायांपुढे ठेवला आणि म्हटलं, मासे धुवायला पाणी असू दे. दुसऱ्या महिन्यात दुसरा कॅन ठेवला. डॉक्टरकडे नेण्याऐवजी मी बोट सरळ केली. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण, त्याहून वाईट मी रोज म्हणतो.

अजून एक आहे. तेही आजच सांगून टाकतो. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या की वजन टिकलं पाहिजे, आणि हिनं तेवढंच मनात धरलं. रोज सकाळी काट्यावर उभी राहायची. पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं तेव्हा ती पलंगावर बसली आणि अर्धा तास उठली नाही. त्या दिवशी ती इंजेक्शनला गेल्यावर मी घरचा काटा उघडला आणि स्प्रिंग बदलली. रिकामा असला की शून्यच दाखवतो, पण माणूस उभा राहिला की जास्त. पुढे पंधरा-पंधरा दिवसांनी थोडी सैल करत गेलो. आता ती पुन्हा सत्तावन्न-अठ्ठावन्न बघते आणि खूश होते. खोटा काटा ठेवणाऱ्याला मी जन्मभर चोर म्हणत आलो.

फेब्रुवारीत शेवटचे गेलो होतो. उतरताना तिला बोटीतून पाय काढता येईना. मी उचलून काठावर ठेवली. हाताला जे वजन लागलं त्यानं मी घाबरलो. बोट उलटली तर ही किती वेळ तरंगेल? म्हणून ती बोटच नको. पण मी एकदम मासे धरणं सोडलं तर तिला कळेल की तिच्यामुळे सोडलं. म्हणून एकट्याची कयाक हवी. तू तिला सांग की जुन्या बोटीच्या तळाला तडा गेलाय, धोका आहे, म्हणून तू परत नेतोयस. तुझं ती ऐकेल, बोटीतलं तुला कळतं.

एवढं कर.

भावोजी

दि. २ एप्रिल

भावोजी,

मी हे पत्र तीनदा फाडलं. पहिल्यात फक्त शिव्या होत्या.

तुम्ही तिला वजन चोरून दिलंत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकतात तशी बायकोच्या डोळ्यांत फेकलीत, आणि वर म्हणता खूश होते! दोन महिने, भावोजी. दोन महिने आधी दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे मी कुणा डॉक्टरला विचारणार नाही, कारण उत्तर मिळालं तर मला तुमचं तोंड बघता येणार नाही. तिला पाण्यावर न्यायचं की नाही हे तरी डॉक्टरीण बाईंना विचारलंत का? नसणार. तिला विचारलंत का? तेही नसणार. तुम्ही कुणालाच काही विचारत नाही, नुसते स्क्रू फिरवत बसता.

आणि माझं ऐका. एवढं सगळं लिहून मी काल आक्काला फोन केला आणि सांगितलं, 'आक्का, त्या बोटीच्या तळाला तडा आहे, मी मागच्या खेपेला पाहिला होता, सांगायचं राहिलं. आठ तारखेला टेम्पो पाठवतो.' माझा आवाज जराही हलला नाही. ती म्हणाली, 'बरं.' इतकंच. फोन ठेवल्यावर मी दुकानाच्या मागे जाऊन बसलो. तुमच्या माळेतला मीही एक मणी.

तुमच्यासाठी तीन मीटरची, वर बसायची, बावीस किलोची बघून ठेवली आहे. हिरवी आहे. टेम्पोतून येईल. मला आभार मानणारं पत्र पाठवू नका.

ढब्बू

दि. ९ एप्रिल

दोघांनाही,

हे पत्र मी कार्बन घालून लिहितेय. एक प्रत काटेवाल्याच्या जेवणाच्या पिशवीत, एक ढब्याला पोस्टानं. दोघांनी आपापल्या जागी बसून वाचा आणि एकमेकांना पत्र लिहून माझी चर्चा करू नका. पुरे झाली.

ढब्या, तुझा टेम्पो काल आला होता. मी ड्रायव्हरला पाणी दिलं, हिरवी बोट उतरवून घेतली आणि जुनी दिली नाही. तिच्या तळाला तडा नाही. मी ती उलटी करवून घेऊन हातानं चाचपली. अकरा वर्षं मी त्या बोटीत बसतेय, तिचा तळ मला माझ्या तव्यासारखा पाठ आहे. मग मी रिक्षा करून यांच्या दुकानात गेले. हे गोदामात गेले होते. सोनं तोलायच्या छोट्या काट्याच्या पेटीत तुझी पत्रं होती, आणि कार्बन घालून लिहिलेल्या यांच्या पत्रांच्या प्रतीही. माणूस चोरीची पण नक्कल ठेवतो! तिथेच स्टुलावर बसून सगळी वाचली.

अहो, तुम्हाला आधी. काटा खोटा आहे हे मला महिनाभर माहीत आहे. परकराची नाडी कमरेला दोनदा गुंडाळावी लागते आणि काटा म्हणतो अठ्ठावन्न! मी काय दूधखुळी आहे? खोटा काटा कसा ओळखायचा हे तुम्हीच मला शिकवलंत, लग्नाच्या पहिल्या वर्षी: माहीत असलेलं वजन ठेवून बघायचं. मी तुमचाच पाच लिटरचा कॅन उचलला आणि तो हातात धरून काट्यावर उभी राहिले. पाच लिटर पाण्यानं काटा साडेसहानं पुढे गेला. मग कागद घेऊन हिशोब केला. चव्वेचाळीस. त्या दिवशी मी खूप रडले, आणि संध्याकाळी तुम्ही 'किती?' म्हणून विचारलंत तेव्हा 'अठ्ठावन्न' म्हणाले, कारण तुमचं तोंड बघवेना. आणि बोटीतल्या कॅनचं म्हणाल, तर मासे धुवायला तलावात पाणी कमी आहे का हो?

मग तुम्ही म्हणाल, तूही लपवलंसच की. लपवलं. दुखणं माझं आहे, मी लपवीन. तुम्हाला माझं वजन माझ्यापासून लपवायचा हक्क कुणी दिला? त्या दोन महिन्यांबद्दल मी तुम्हाला माफ केलंय की नाही ते मला अजून माहीत नाही. माहीत झालं की सांगेन. तोवर विचारायचं नाही.

ढब्या, तू माझा भाऊ, तरी दुसऱ्याच्या शब्दावर मला खोटं बोललास. तुला मी काखेत घेऊन वाढवलं. तुझा कान मी इथे आलास की पिळणार आहे, टक्कल पडलं असलं तरी.

आता कामाचं. तुम्ही दोघांनी महिनाभर कयाक निवडली आणि एकालाही वाटलं नाही की एकट्याची बोट मला हवी असेल. अकरा वर्षं मी पुढे बसते आणि दिशा मागचा ठरवतो. मागचं वल्हं वळेल तिकडे माझं तोंड. पलीकडच्या काठाला बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, तिथे मोठा मासा असतो हे मी पहिल्या वर्षापासून सांगतेय. 'दोरी अडकेल, दोरी अडकेल' म्हणून यांनी एकदाही बोट तिकडे नेली नाही. मी मेल्यावर नेणार आहात का?

तुझे पाच प्रश्न वाचले. घे उत्तरं. पाणी तेच, शांत तलाव. वजन चव्वेचाळीस, खरं, मी स्वतः केलेलं. वर बसायची, म्हणजे पाय अडकणार नाहीत. वल्ह्याची, हलकी. यांची हिरवी तीन मीटरची मला चालेल, फक्त जुन्या सीटचा तुझा शिवलेला स्पंज काढून हिला बसव. पाठीची हाडं लागतात. आणि पाण्यापर्यंत उचलून कोण नेणार? तुम्ही दोघं. नाहीतर कशाला आहात?

डॉक्टरीण बाईंना मी विचारलं. तोंड आहे मला. त्या म्हणाल्या, इंजेक्शननंतर आठ दिवस जाऊ द्या, वारा नसेल तेव्हा सकाळी जा, टोपी घाला, लाइफ जॅकेट काढू नका, जड उचलू नका, जवळ कुणीतरी असू दे. किती दिवस आहेत, तेही विचारलं. त्यांना माहीत नाही. मलाही नाही. म्हणून मला घाई आहे.

तेवीस तारखेला. ढब्या, स्पंजची सुई घेऊन ये.

आक्का

दि. २४ एप्रिल

ढब्बू,

तू काल दुपारची गाडी पकडायला गेलास म्हणून पुढचं तुला माहीत नाही. कळव असा हुकूम आहे.

तुला निरोप देऊन मी परत पाण्यात गेलो, जुन्या बोटीत, मागे. पुढे मी अठ्ठावन्न लिटरचे कॅन भरून ठेवले होते, ते तू पाहिलेसच. तू गेल्यावर हिरवी बोट माझ्या शेजारी आणून म्हणाली, 'त्यातलं चौदा लिटर ओता. मी अशी आहे आता.' मी ओतलं. तिच्यासमोर ओतलं, सावकाश, ती बघत होती. नाक उचललं. बोट तशीच वाकडी चालवली.

मग ती बुंध्यांकडे गेली. मी ओरडलो, दोरी अडकेल. ती मागे न बघता म्हणाली, 'ओरडू नका, मासे पळतात.' मी वीस हातांवर थांबलो. मला फार राग आला होता, कुणाचा ते सांगता येत नाही. दोरी दोनदा अडकली, तिनं दोनदा तोडली. तिसऱ्यांदा मासा लागला. दांडी कमानीसारखी वाकली होती, बोट डुलत होती, आणि मी जवळ जायला वल्हं उचललं तर तिनं अशी शिवी दिली की ती मी इथे लिहू शकत नाही. मासा तिनं एकटीनं काढला.

घरी आल्यावर म्हणाली, काटा आणा. मी काट्याला जुनी स्प्रिंग परवाच परत बसवली होती. तरी तिनं आधी पाच लिटरचा कॅन ठेवून बघितला. बरोबर पाच. मग मासा ठेवला: दोन किलो तीनशे. मग मासा उतरवून स्वतः उभी राहिली: त्रेचाळीस सातशे. मग तिनं वाकून मासा उचलला, पोटाशी धरला आणि पुन्हा काट्यावर चढली.

सेहेचाळीस.

'ढब्याला कळवा,' म्हणाली, 'वजन वाढलं म्हणावं.'

म्हणून कळवतोय.

भावोजी